वर्षातून एकदाचे सलाईन आणि त्यानंतरचे तीन दिवस

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या विकारासाठी, शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाविषयी आहेत. त्यामुळे हे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे वय ६८ वर्षे आहे. पाठीच्या कण्यातील एक मणका दबल्याचे एक्स-रेमध्ये दिसल्यावर मला झोलेड्रॉनिक ॲसिडचे सलाईन देण्यात आले. अर्ध्या तासात ते संपले, मी चालत घरी आले आणि त्याच रात्री हुडहुडी भरून ताप चढला. दुसऱ्या दिवशी अंगातले हाड न् हाड ठणकत होते, कूस बदलणेही अवघड झाले होते. चौथ्या दिवशी उतार पडला, पण अशक्तपणा आणखी काही दिवस राहिला. असे काही होईल याची मला कोणीही कल्पना दिली नव्हती. आता दुसऱ्या सलाईनची वेळ जवळ आली आहे. माझ्या शरीराला हे औषध मानवत नाही असे समजून ते थांबवावे का?

उत्तर : आपले पत्र वाचून मला तापापेक्षा अधिक खटकले ते हे की, त्याची आगाऊ कल्पना आपल्याला कोणी दिली नाही. पहिल्या सलाईननंतर येणारा ताप हा या औषधाचा सर्वपरिचित परिणाम आहे, आणि जे ठाऊक आहे ते रुग्णाला सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. थर्मामीटर एकच आकडा दाखवीत असला, तरी हे होणार होते आणि दोन-तीन दिवसांत जाणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची रात्र आणि काहीच ठाऊक नसलेल्या माणसाची रात्र यांत फार अंतर असते. आपली ती रात्र भीतीत गेली असणार, आणि ती भीती टाळता आली असती.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, आपण जे वर्णन केले आहे तेवढ्यावरून औषध थांबवण्याचे कारण मला दिसत नाही.

हाड सतत थोडे पोखरले जाते आणि सतत नव्याने भरले जाते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये पोखरणाऱ्या पेशींचे काम भरणाऱ्या पेशींच्या पुढे जाते. झोलेड्रॉनिक ॲसिड हे बिस्फॉस्फोनेट गटातील औषध हाडातील खनिजाला चिकटून बसते आणि पोखरणारी पेशी तेथे काम करू लागली की तिच्या आत जाऊन तिला आवश्यक असलेले एक विकर (एन्झाइम) बंद पाडते. मात्र रक्तातून हाडापर्यंत पोहोचण्यापूर्वी ते काही पांढऱ्या पेशींमध्येही शिरते. तेथेही तेच विकर अडते, त्यामुळे एक रसायन साचत जाते आणि त्या रसायनामुळे गॅमा-डेल्टा टी या नावाच्या संरक्षक पेशी, जणू जंतूंचा हल्ला झाला आहे अशा रीतीने, चेतवल्या जातात. त्यांनी रक्तात सोडलेल्या पदार्थांमुळे ताप येतो, थंडी वाजते, डोके दुखते, सांधे धरतात आणि अंग मोडून येते. शरीरात जंतू नसतात, फक्त त्यांच्याविरुद्धची तयारी सुरू झालेली असते. म्हणून हा त्रास खरा आहे, पुष्कळदा मोठाही आहे, पण तो आजार नव्हे आणि ॲलर्जीही नव्हे.

ॲलर्जी नव्हे हे सांगण्याला महत्त्व आहे, कारण ॲलर्जीत पुढच्या वेळी त्रास वाढण्याची भीती असते आणि येथे बहुधा उलट घडते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ७,७०० स्त्रियांवर तीन वर्षे चाललेल्या होरायझन या अभ्यासात पहिल्या सलाईननंतर सुमारे ३२ टक्के स्त्रियांना अशा स्वरूपाची लक्षणे जाणवली. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास आणि तिसऱ्या वर्षी तीन टक्क्यांच्याही खाली आले. ज्यांनी पूर्वी याच गटातील गोळ्या घेतलेल्या असतात त्यांना पहिल्या वेळीही त्रास कमी होतो. याच अभ्यासात औषध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मणका दबण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झाले होते. ज्यांचा एक मणका दबलेला आहे त्यांना दुसरा मणका दबण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो, आणि आपण त्या गटात मोडता. म्हणून पुढच्या सलाईनचा निर्णय गेल्या वर्षीच्या दोन वाईट रात्रींच्या आठवणीवर न घेता पुढील काही वर्षांत आपले हाड मोडण्याचा धोका किती आहे यावर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक बाब आपल्याला थोडा दिलासा देईल. त्याच अभ्यासातील माहितीचे पुढे जे विश्लेषण झाले त्यात, पहिल्या सलाईननंतर असा त्रास झालेल्या स्त्रियांना औषधाचा लाभ कमी झाला नव्हता, उलट काहीसा अधिकच झाल्याचे आढळले. मात्र यावरून ज्यांना ताप येत नाही त्यांना औषध लागू पडत नाही असा अर्थ कोणी काढू नये. लाभ त्यांनाही होतोच.

या वेळी तयारी करून जावे. सलाईनच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी पाणी नेहमीपेक्षा थोडे अधिक प्यावे. हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल तर तेवढे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पॅरासिटामॉल ताप येण्याची वाट पाहून घेण्यापेक्षा सलाईन झाल्यावर त्याच दिवशी सुरू करून दर सहा तासांनी, तीन दिवस, नियमाने घेतल्यास त्रास निश्चित कमी होतो. मात्रा आपले वजन आणि यकृताची स्थिती पाहून डॉक्टरांनी सांगावी. सर्दी-तापाच्या तयार मिश्र गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे त्या सोबत घेतल्यास नकळत मात्रा दुप्पट होते. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगावे. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके तापावर चालतात खरी, परंतु मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो आणि या औषधाचाही पडतो, म्हणून ती आपल्या मनाने घेऊ नयेत. गेल्या वेळी त्रास फारच तीव्र झाला असल्यास काही डॉक्टर दोन-तीन दिवसांपुरते स्टेरॉइड देण्याचा विचार करतात. गेल्या वेळचे वर्णन आपण मला लिहिले आहे तसेच, तितक्याच तपशिलाने, आपल्या डॉक्टरांना सांगावे.

सलाईन किती वेळात दिले जाणार आहे हेही विचारून घ्यावे. ते किमान पंधरा मिनिटे चालले पाहिजे, आणि अर्धा तास घेतल्यास काही बिघडत नाही. घाई करण्यात कोणाचेच हित नसते, मूत्रपिंडाचे तर नसतेच.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७९ आहे. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यावर तिला हेच सलाईन सुचवले आहे. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि लघवी वाढवणारी एक गोळीही आहे. मागे एकदा मूत्रपिंडाचे काम दाखवणारे तिच्या रक्तातील क्रिएटिनिन थोडे वाढले होते. सलाईनच्या आधी आणि नंतर आम्ही घरच्यांनी काय पाहावे?

उत्तर : खुबा मोडल्यानंतर शस्त्रक्रिया करून पुष्कळ जण मोकळे होतात आणि ज्या ठिसूळपणामुळे तो मोडला त्याच्याकडे पाहायचे राहून जाते. आपल्या आईंच्या बाबतीत तसे होत नाही आहे, याचा मला आनंद वाटतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत हे औषध सुरू केलेल्या रुग्णांचा एक स्वतंत्र अभ्यासही २००७ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यात नव्याने हाड मोडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळले.

सलाईनच्या आधी रक्ताच्या तीन तपासण्या व्हायला हव्यात : क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. क्रिएटिनिनचा नुसता आकडा वृद्ध आणि कृश व्यक्तीत फसवा असतो, कारण स्नायू कमी असले की मूत्रपिंड क्षीण झालेले असूनही तो आकडा बरा दिसतो. म्हणून वय आणि वजन धरून क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्त गाळण्याच्या वेगाचे माप, काढायला सांगावे. ते मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर हे औषध देत नाहीत. जुन्या अहवालावर विसंबू नये. तपासणी सलाईनच्या अगदी अलीकडची असावी. त्या दिवसांत जुलाब, उलट्या किंवा दुसरा ताप असेल तर तारीख पुढे ढकलावी. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे लक्ष देण्याचे कारण असे की, हाड पोखरण्याचे काम एकाएकी थांबले की हाडातून रक्तात येणारे कॅल्शियमही कमी होते. शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे असेल तर ही तूट भरून निघते. नसेल तर सलाईननंतरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत रक्तातील कॅल्शियम घसरू शकते. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, हातापायांत गोळे येणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवावे. ड जीवनसत्त्व कमी आढळले तर ते आधी भरून काढावे आणि मग सलाईन द्यावे. त्यात जाणारे दोन-तीन आठवडे वाया जात नाहीत.

आता घरच्यांनी काय पाहावे, या आपल्या प्रश्नाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण औषधांच्या माहितीपत्रकात याविषयी फारसे काही नसते. ७९ वर्षांच्या, नुकताच खुबा मोडलेल्या स्त्रीला तापाने जो धोका असतो तो केवळ तापाचा नसतो. ताप उतरताना घाम येतो, पाणी कमी प्यायले जाते, रक्तदाबाच्या गोळ्या मात्र नेहमीप्रमाणे पोटात जातात, आणि पहाटे अंधारात स्वच्छतागृहाकडे जाण्यासाठी उठल्यावर भोवळ येते. ज्या पडण्यापासून वाचवण्यासाठी औषध दिले, ते पडणे औषधाच्याच दुसऱ्या रात्री घडावे, यासारखी दुःखद गोष्ट नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री कोणीतरी त्यांच्या खोलीत झोपावे, वाटेवर दिवा चालू ठेवावा, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसून, आधार घेऊनच उभे राहण्याविषयी त्यांना बजावावे. दिवसातून दोन वेळा रक्तदाब पाहावा. तो नेहमीपेक्षा बराच खाली दिसला तर पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा. त्यांना भूक नसेल, तर खाण्याचा आग्रह न करता थोड्या थोड्या वेळाने पातळ पदार्थ आणि पाणी देत राहावे. व्यायाम किंवा चालण्याचा सराव चालू असेल तर तो या दिवसांत हलका ठेवावा, पण सर्वस्वी अंथरुणाला खिळवूनही ठेवू नये.

प्रत्येक ताप हा सलाईनचाच आहे असेही धरून चालू नये. औषधाचा ताप बहुधा पहिल्या तीन दिवसांत सुरू होतो आणि सुरू झाल्यापासून तीनएक दिवसांत ओसरतो. क्वचित अंगदुखी एक-दोन आठवडे रेंगाळते. ताप चौथ्या-पाचव्या दिवशी नव्याने चढला, उतरून पुन्हा आला, किंवा त्यासोबत खोकला, धाप, लघवीची जळजळ, शस्त्रक्रियेच्या जागी लाली अथवा सूज, बोलण्यात असंबद्धता असे काही दिसले, तर तो सलाईनच्या खाती न टाकता त्याच दिवशी दाखवावे. छातीत धडधड होऊन नाडी अनियमित वाटली तर ती कितीही दिवसांनी वाटली तरी दाखवावी, कारण वर सांगितलेल्या होरायझन अभ्यासात हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या गंभीर घटना औषध घेणाऱ्यांत १.३ टक्के आणि न घेणाऱ्यांत ०.५ टक्के अशा आढळल्या होत्या. नंतरच्या बहुतेक अभ्यासांत हा फरक तसा दिसला नाही, परंतु नाडी पाहण्याला काहीच लागत नाही.

प्रश्न : सलाईननंतर तिसऱ्या दिवशी माझा एक डोळा लाल झाला आणि उजेडाकडे पाहणे सहन होईना. डोळे आले असतील असे समजून घरातले जुने थेंब टाकावेत का?

उत्तर : टाकू नयेत. आजच नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि हे सलाईन घेतल्याचे त्यांना आवर्जून सांगावे. या औषधानंतर क्वचित डोळ्याच्या आतल्या पडद्यांना दाह होतो. डोळा दुखणे, उजेड सहन न होणे आणि धूसर दिसणे ही त्याची खूण आहे. वेळेवर योग्य थेंब मिळाले तर तो बहुधा पूर्ण बरा होतो, दुर्लक्ष झाले तर दृष्टीला इजा होऊ शकते. असा दाह झाला असेल, तर पुढचे सलाईन घ्यावे की औषध बदलावे याचा विचार नव्याने करावा लागतो. वरच्या पत्रातील तापासारखी ही गोष्ट नाही.

प्रश्न : मला दोन सलाईने झाली आहेत. आता एक दाढ काढावी लागणार आहे. जबड्याचे हाड कुजते असे ऐकल्यामुळे मी सलाईनही थांबवले आहे आणि दाढही काढत नाही. माझे चुकते आहे का?

उत्तर : भीती समजण्यासारखी आहे, पण आपण दोन्ही बाजूंनी अडकून बसला आहात. दुखरी, पू झालेली दाढ तोंडात तशीच ठेवणे हे जबड्याच्या हाडासाठी ती काढण्यापेक्षा अधिक घातक असू शकते.

जबड्याचे हाड उघडे पडून न भरणे हा या औषधांचा खरा परिणाम आहे, काल्पनिक नाही. परंतु त्याविषयी जे भयंकर ऐकू येते त्यातले बरेचसे कर्करोगाच्या रुग्णांचे असते. हाडांत पसरलेल्या कर्करोगात हेच औषध तीन-चार आठवड्यांनी एकदा, अनेक महिने दिले जाते, आणि ऑस्टिओपोरोसिसमध्ये वर्षातून एकदा. या दोन मात्रांची तुलनाच होऊ शकत नाही. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हा परिणाम फार दुर्मीळ आहे. वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी असे त्याचे प्रमाण मानले जाते.

दंतवैद्यांना औषधाचे नाव आणि शेवटच्या सलाईनची तारीख लिहून द्यावी. रूट कॅनॉल करून दाढ वाचवता येत असेल तर उत्तमच. काढावीच लागली तर ती काढावी, तोंड स्वच्छ ठेवावे, सांगितलेली प्रतिजैविके पूर्ण घ्यावीत, आणि जखम भरली आहे याची खात्री झाल्यावर पुढचे सलाईन घ्यावे. धूम्रपान, मधुमेह आणि चालू असलेली स्टेरॉइडची गोळी यांमुळे जखम भरायला वेळ लागतो, म्हणून यांपैकी काही असेल तर तेही सांगावे. जखम आठ आठवड्यांनंतरही न भरता हाड दिसत राहिले, तर मुख-शल्यचिकित्सकांना दाखवावे. ज्यांचे पहिले सलाईन अद्याप व्हायचे आहे त्यांनी मात्र दातांची तपासणी आणि काढायचे दात आधीच उरकून घ्यावेत.

प्रश्न : पाच वर्षांपासून दरवर्षी सलाईन घेत आहे. अलीकडे एका मांडीत मंद ठणका लागतो. हा औषधाचाच ताप-अंगदुखीसारखा परिणाम समजावा का?

उत्तर : नाही. सलाईननंतरची अंगदुखी सर्वांगात असते आणि काही दिवसांत जाते. एकाच मांडीत किंवा जांघेत आठवडेच्या आठवडे राहणारा ठणका हा वेगळा इशारा आहे. अनेक वर्षे हे औषध घेतलेल्यांमध्ये फार क्वचित मांडीच्या हाडाला बारीक तडा जातो आणि हाड पूर्ण मोडण्यापूर्वी असा ठणका पुष्कळदा लागतो. दोन्ही मांड्यांचे, पूर्ण लांबीचे एक्स-रे लगेच काढावेत, कारण दुसऱ्या बाजूलाही तडा असू शकतो. तोपर्यंत त्या पायावर फार भार देऊ नये आणि पुढचे सलाईन घेऊ नये.

आपले एक्स-रे निर्दोष आले तरी पाच वर्षांनंतर एक प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा : आता विश्रांती घेता येईल का? हे औषध हाडात वर्षानुवर्षे टिकून राहते, त्यामुळे सलाईन थांबवले तरी त्याचा परिणाम लगेच संपत नाही. ज्यांचा धोका फार नाही अशांना तीन सलाईनांनंतर थांबवून वेळोवेळी तपासण्या करण्याचा सल्ला दिला जातो. ज्यांचे मणके दबलेले आहेत किंवा खुब्याची घनता अजूनही फार कमी आहे अशांना सहा वर्षांपर्यंत चालू ठेवतात. दरवर्षी आले की सलाईन लावायचे आणि घरी जायचे, एवढ्यावर कोणी समाधान मानू नये.

प्रश्न : सलाईनचा त्रास नको म्हणून मला सहा महिन्यांतून एकदा पोटावर घ्यायचे इंजेक्शन सुचवले आहे. ते सोपे आहे का?

उत्तर : आपण ज्याविषयी लिहिता ते औषध डेनोसुमॅब असावे. त्याने सलाईननंतर येतो तसा ताप सहसा येत नाही, आणि मूत्रपिंड क्षीण असलेल्यांनाही ते देता येते, मात्र अशांचे कॅल्शियम अधिक बारकाईने पाहावे लागते. घ्यायला ते सोपे आहे, हे खरे.

पण एक फरक नीट समजून घेतल्याशिवाय ते सुरू करू नये. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात साठून राहते. डेनोसुमॅब तसे राहत नाही. त्याचा अंमल सहा महिन्यांनी ओसरला की रोखून धरलेल्या पोखरणाऱ्या पेशी एकदम उसळतात, मिळवलेली घनता वेगाने उतरते आणि काही जणांचे एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. म्हणून सलाईनची तारीख महिनाभर पुढे गेली तर फारसे बिघडत नाही, या इंजेक्शनची तारीख मात्र चुकवता येत नाही. ते थांबवायचे ठरले तर त्याच्या मागोमाग दुसरे औषध द्यावे लागते, आणि ते पुष्कळदा आपण आज टाळू पाहता तेच सलाईन असते. आपल्याला आतापर्यंत एकच सलाईन झाले असेल आणि केवळ तापाच्या भीतीने बदल करायचा असेल, तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलेली तयारी करून एकदा दुसरे सलाईन घेऊन पाहावे, असे मी सुचवीन. मूत्रपिंडाचे किंवा डोळ्याचे कारण असेल तर गोष्ट वेगळी. अशा वेळी इंजेक्शन जरूर घ्यावे, मात्र पहिल्या दिवशीच पुढच्या सहा महिन्यांची तारीख घरातील आणखी एका व्यक्तीच्या फोनमध्येही नोंदवून ठेवावी.